सिएटलच्या ओल्या हिवाळ्यात गाडीला कुठले टायर घालायचे

सिएटलकडे नवीन राहायला आलेलं आपलं कुणीही टायरचा विषय निघाला की आधी बर्फाचं विचारतं. स्नो टायर घ्यायचे का, बर्फात चाकांना गुंडाळायच्या चेन ठेवायच्या का, ऑल व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जाते, मग चालून जाईल ना. मीही आले तेव्हा हेच विचारत होते. आता अकरा हिवाळे इथे गाडी चालवून माझं मत पक्कं झालंय, इथे टायर घेताना बर्फ दुसऱ्या नंबरवर ठेवायचा, पहिला नंबर थंड पाण्याचा. बर्फ वर्षातून थोडेच दिवस असतो, काही वर्षी तेवढाही नसतो, पण ऑक्टोबरपासून पार मार्च-एप्रिलपर्यंत रस्ता जवळजवळ कायम ओला असतो, तोही चार-पाच डिग्री सेल्सियसला ओला, आणि त्या रस्त्यावरून आपण रोज साठ मैलांच्या स्पीडने ऑफिसला जातो-येतो.

मी चिपळूणची. पाऊस मला नवा नाही. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सिएटलला हजारच्या आसपास, त्यामुळे इथला पाऊस मी कधी मनावर घेतलाच नव्हता, भुरभुर ती, इथले लोक छत्रीसुद्धा उघडत नाहीत. पण आपल्याकडचा पाऊस उबदार असतो आणि चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथला हजार मिलिमीटर साधारण दीडशे दिवसांवर पसरलाय आणि त्यातले बहुतेक दिवस थंडीतले. हा फरक किती मोठा आहे ते मला २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये कळलं.

आई-बाबा तेव्हा इथे आले होते. बेलव्ह्यूहून बॉथेलला घरी येत होतो, ४०५ हायवेवरून, संध्याकाळचे सव्वापाच असतील पण नोव्हेंबरात इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो त्यामुळे पूर्ण अंधार, आणि त्या दिवशी भुरभुर नव्हती, चांगला दणकून पाऊस होता. बाबा शेजारी, आई आणि लेक मागे. कर्कलंड ओलांडलं आणि एका जागी स्टिअरिंग एकदम हलकं झालं. म्हणजे हातात फिरतंय, पण खाली काही नाहीच असं. दोन सेकंद असतील. मी काहीच केलं नाही, खरं तर सुचलंच नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय सुटला आणि गाडी परत रस्त्याला लागली. मागे लेकीचं गाणं म्हणणं चालूच होतं, तिला काही कळलंही नाही. बाबा बऱ्याच वेळाने बोलले, "ब्रेक नाही मारलास ते बरं केलंस. मारला असतास तर फिरली असती."

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. अठ्ठावीस वर्षं, त्यातली बरीचशी चिपळूण-कराड, म्हणजे कुंभार्ली घाट. घरी पोचल्यावर जेवायला न बसता ते टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये गेले आणि चारही टायरांवरून हात फिरवून आले. म्हणाले, "अगं गोटा झालेत टायर, आणि तू पोरीला घेऊन फिरतेस." मला ते पटलं नव्हतं, कारण दोनच महिन्यांपूर्वी ऑइल बदलायला गाडी दिली होती तेव्हा टायरच्या रकान्यात हिरवी खूण होती, मी कागद बघितला होता. दुसऱ्या दिवशी पाच डॉलरचा डेप्थ गेज आणला आणि मोजलं. पुढचे दोन ३/३२, मागचे त्याच्या किंचित वर.

हे बत्तिसाव्या भागाचं गणित आधी सांगते, कारण इथे सगळं त्यातच बोलतात. टायरच्या खाचांची खोली इंचाच्या बत्तिसाव्या भागात मोजतात. नवा टायर साधारण १०/३२ चा असतो. वॉशिंग्टन राज्यात कायद्याने २/३२ पर्यंत चालतो, त्याच्या खाली गेला की बदलायलाच पाहिजे. म्हणजे माझे टायर कायदेशीर होते, आणि तरी साठच्या स्पीडला पाण्यावर उचलले गेले. एएए या इथल्या वाहनचालकांच्या संस्थेने २०१८ मध्ये टेस्ट करून दाखवलं होतं की ४/३२ पर्यंत झिजलेले टायर असलेली साधी कार ओल्या रस्त्यावर साठ मैलांवरून थांबायला नव्या टायरांपेक्षा सरासरी ८७ फूट जास्त घेते. ८७ फूट म्हणजे पाच-सहा गाड्या एकामागे एक उभ्या करा तेवढं अंतर. आणि हे ४/३२ ला, माझे तर ३ होते.

टायर पाण्यावर उचलला जातो म्हणजे काय होतं तर पुढे आलेलं पाणी खाचांमधून बाहेर ढकलायला वेळच मिळत नाही, पाण्याची पाचर टायरखाली शिरते आणि रबर रस्त्याला टेकतच नाही. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांसाठी यावर काम केलं होतं आणि त्यातून एक ढोबळ सूत्र निघालं, टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचाला इतके पौंड) वर्गमूळ काढा आणि १०.३५ ने गुणा, जो आकडा येईल तितक्या मैलांच्या वेगाला टायर साचलेल्या पाण्यावर पूर्ण तरंगू शकतो. ३५ पीएसआयला हे येतं ६१ मैल. २८ पीएसआयला ५५. गाडीच्या टायरला हे तसंच्या तसं लागू होत नाही, खाचा चांगल्या असतील आणि पाणी थोडं असेल तर वेग बराच जास्त लागतो, पण टायर गुळगुळीत झाला आणि पाणी साचलेलं असलं की आपण या आकड्याच्या जवळ जायला लागतो. माझ्या त्या दिवशीच्या स्पीडला हा आकडा किती जवळ आहे बघा. आणि हवा कमी असेल तर आणखी आधी.

आणि इथे पाणी साचतं कुठे तर चाकोरीत. आय-५, आय-९० या हायवेंवर पाऊस असताना नीट बघा, लेनमध्ये दोन लांबच लांब चमकणाऱ्या पट्ट्या दिसतात, त्या झिजून खोल गेलेल्या चाकोऱ्या आहेत आणि त्यातला मोठा वाटा खिळ्यांच्या टायरांचा आहे. या राज्यात १ नोव्हेंबर ते ३१ मार्च खिळे ठोकलेले टायर वापरायला परवानगी आहे, आणि ते खिळे बर्फ नसलेल्या काँक्रीटवर पाच महिने घासत राहतात. म्हणजे कुणाच्या तरी चार बर्फाळ दिवसांसाठी सगळ्यांच्या दीडशे ओल्या दिवसांचा रस्ता खराब होतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. डोंगरापलीकडे स्पोकेनला राहणाऱ्याचं मी समजू शकते, पण सिएटल शहरात राहून खिळ्यांचे टायर घालू नका, प्लीज.

आता थंडीचं. टायरचं रबर थंडीत कडक होतं. साधारण सात डिग्री सेल्सियसच्या, म्हणजे पंचेचाळीस फॅरनहाइटच्या खाली उन्हाळी टायर कडक पडायला लागतो असं टायरवाले सांगतात, आणि सिएटलचा डिसेंबर-जानेवारी बघा, दुपारी सेहेचाळीस-सत्तेचाळीस फॅरनहाइट आणि पहाटे पस्तीस-अडतीस. म्हणजे सगळा हिवाळा त्या रेघेच्या खाली किंवा रेघेवर. कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरत नाही, वरवर घसरतं. कोकणातल्या पावसात हा प्रश्नच येत नाही, तिथे रबर जुलैतही मऊच असतं. त्यामुळे बाबांचा सगळा अनुभव खाचांचा आणि हवेचा, रबराचा थंडीशी काय संबंध हे त्यांनाही इथे येऊन कळलं, आणि त्यांनी ते फार लक्ष देऊन ऐकलं.

मग वर्षभर हिवाळी टायरच का नाही घालायचे? कारण इथला उन्हाळा. २०२१ च्या २८ जूनला सिएटलच्या सी-टॅक विमानतळावर १०८ फॅरनहाइट नोंदलं गेलं, म्हणजे बेचाळीस डिग्री सेल्सियस. तसं रोज होत नाही, पण जुलै-ऑगस्ट कोरडे आणि चांगले ऐंशी-पंच्याऐंशीचे असतात, आणि त्यात हिवाळी टायरचं मऊ रबर भराभर झिजतं, वळणावर गाडी लोळल्यासारखी वाटते, ब्रेकिंगचं अंतर वाढतं. दोन सेट ठेवायचे म्हटलं तर ते ठेवायचे कुठे, वर्षातून दोनदा बदलायचे, आणि नेमकी थंडी पडली की सगळे एकदमच दुकानात. जे दर शनिवार-रविवार स्कीइंगला स्टीव्हन्स पासला जातात त्यांनी जरूर दोन सेट ठेवावेत, त्याला पर्याय नाही. बाकीच्यांनी एकच सेट, बारमाही, पण कुठला बारमाही यात सगळी मेख आहे.

दुकानात दोन नावं ऐकू येतात, ऑल सीझन आणि ऑल वेदर. ऐकायला सारखीच, आणि मला कित्येक वर्षं ती एकच वाटायची. अमेरिकेत ऑल सीझन हा प्रकार १९७७ मध्ये गुडइयरने टिएम्पो नावाचा टायर काढला तेव्हापासून चालू झाला, लोकांना दर हिवाळ्यात टायर बदलायला लागू नयेत म्हणून. आज बहुतेक नव्या गाड्या शोरूममधून याच टायरवर बाहेर पडतात. त्याच्या बाजूवर एम प्लस एस लिहिलेलं असतं, चिखल आणि बर्फ. आणि इथेच फसायला होतं, कारण एम प्लस एस ही कुठली परीक्षा पास केल्याची खूण नाही, खाचांची रचना अमुक एवढी मोकळी आहे इतकंच त्यातून कळतं. रबर थंडीत कसं वागेल याबद्दल ते काहीच सांगत नाही.

ऑल वेदर टायरवर मात्र एक छोटं चित्र असतं, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. हे चिन्ह १९९९ मध्ये आलं आणि ते लावायला टायरला दाबलेल्या बर्फावर खरोखरची टेस्ट पास करावी लागते, ठरलेल्या साध्या टायरपेक्षा पकड अमुक टक्के जास्त असावी लागते. पण हेही कळून घ्या की ही टेस्ट फक्त पुढे जाताना पकड किती मिळते याची आहे, ब्रेक आणि वळण त्यात नाही, आणि काचेसारख्या गोठलेल्या बर्फावरची तर नाहीच नाही. तरी माझ्या दृष्टीने या चिन्हाचा खरा फायदा वेगळाच आहे. ही परीक्षा पास होण्यासाठी कंपनीला रबर असं करावं लागतं की ते थंडीत मऊ राहील, सिलिका जास्त घालतात, ब्लेडने चिरल्यासारखे बारीक काप जास्त देतात, आणि हेच रबर आणि हेच काप पाच डिग्रीच्या ओल्या डांबरावर आपल्याला रोज उपयोगी पडतात. चिन्ह बर्फाचं आहे, कमाई मात्र पावसात होते.

म्हणून निवडताना मी पहिली चाळण लावली ती डोंगर-हिमकणाची. दुसरी, ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग. टायरच्या बाजूवर ट्रॅक्शनचा ग्रेड छापलेला असतो, एए, ए, बी, सी असा, पण तो सरळ रेषेतल्या ओल्या ब्रेकिंगचाच असतो, वळणाचा नाही आणि पाण्यावर तरंगण्याचाही नाही, त्यामुळे नुसता त्यावर विसंबून राहायचं नाही, स्वतंत्रपणे टेस्ट करणाऱ्यांचे आकडे शोधायचे. तिसरी, आणि ही कुणी विचारत नाही पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, टायर अर्धा झिजल्यावर कसा राहतो. दुकानात उभा असलेला नवा टायर सगळाच चांगला असतो. काही टायरांत वरचे बारीक काप अर्ध्या खोलीतच संपतात, काहींत खालपर्यंत जातात, खाचा खाली अरुंद होतात की रुंदच राहतात, हे दुकानात वाकून, बोट घालून बघता येतं. मी बघितलं. दुकानातला मुलगा शांतपणे प्रत्येक टायर उतरवून दाखवत होता, त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे.

यादीत मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट २ होता, नोकियनचे होते, टोयोचा सेल्सियस, ब्रिजस्टोनचा वेदरपीक. नोकियन ही फिनलंडची कंपनी, त्यांनी १९३४ मध्ये जगातला पहिला हिवाळी टायर काढला, त्यामुळे इकडच्या जुन्या लोकांमध्ये तिला फार मान आहे. यातला मी कुठला घेतला ते मुद्दाम लिहीत नाही, कारण एकच मॉडेल वेगवेगळ्या साइझमध्ये आणि वेगवेगळ्या गाडीवर वेगळं वागतं, माझ्या रॅव्ह फोरच्या २२५/६५ आर १७ ला जे जमलं ते तुमच्या इलेक्ट्रिक गाडीला जमेलच असं नाही. तिचं वजन जास्त, त्यामुळे लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, बघूनच घ्या, आणि अशा टायरांनी रेंज थोडी कमी होते हेही धरून चाला. पेट्रोलच्या गाडीचं मायलेजही किंचित पडतं आणि हायवेवर हलकी घरघर येते. मला ते मान्य आहे. चारही टायर, बसवणं, बॅलन्सिंग, टॅक्स सगळं धरून हजार डॉलरच्या थोडं वर गेलं.

नवऱ्याच्या कोरोलाचे पण पुढचे दोन टायर गेले होते, मागचे बरे होते, म्हणून त्याच फेरीत दोनच टायर घेतले. दुकानातला मुलगा म्हणाला, नवे दोन मागे लावतो आणि मागचे पुढे आणतो. बाबांना मी मराठीत सांगितलं तर ते जागचे उठलेच. "मागे? नवे टायर मागे कोण लावतं? चांगला टायर कायम पुढे." एसटीत रिमोल्ड केलेले, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले टायर मागच्या जोडचाकांना घालायचे, पुढे कधी नाही, हा त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा नियम, आणि तो बरोबरच आहे, बसला पुढे एका बाजूला एकच चाक, ते घाटात फुटलं की स्टिअरिंग हातातून गेलं, मागे एक फुटलं तर शेजारचं दुसरं आहे. मी मध्ये उभी राहून दोघांचं एकमेकांना सांगत होते. त्या मुलाचं म्हणणं असं की कारमध्ये धोका टायर फुटण्याचा कमी आणि पाण्यावर सुटण्याचा जास्त. पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंग हलकं लागतं, ड्रायव्हरला कळतं आणि पाय काढला की परत पकड येते. मागचे सुटले तर काही कळायच्या आत गाडी गरकन फिरते, आणि ती सरळ करणं आपल्यासारख्यांचं काम नाही.

बाबा बराच वेळ त्या कोरोलाकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे परवा पुढचे सुटले म्हणून वाचलो." बरोबर होतं ते. आमचे मागचे टायर पुढच्यापेक्षा किंचित बरे होते, एवढंच. मग त्यांनीच त्या मुलाला हाताने खूण केली, मागे लाव.

ऑल व्हील ड्राइव्हवाल्यांनी मात्र दोन-दोन टायर बदलायच्या भानगडीत पडू नका, चारही सारखे झिजलेले पाहिजेत, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा होऊन आतल्या गिअरवर ताण येतो. आणि ऑल व्हील ड्राइव्ह आहे म्हणून टायर कसेही चालतील असं समजणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ती सिस्टीम गाडी पुढे न्यायला मदत करते, थांबवायला नाही. थांबायला सगळ्याच गाड्यांना चारच चाकं आणि तळहाताएवढं रबर प्रत्येकी.

बर्फाचंही लिहायला हवं, कारण तो येतो तेव्हा येतोच. २०१९ च्या फेब्रुवारीत सी-टॅकला महिनाभरात वीस इंच पडला होता, आमच्या कॉलनीतून तीन दिवस गाडी निघाली नाही. शहरात आणि आसपास चढ फार, क्वीन ॲन काय किंवा समामिशचं पठार काय, तिथे ऑल सीझन टायरची गाडी चढावर नुसती चाकं फिरवत उभी राहते. ऑल वेदर टायरवर अशा दोन-चार इंचांत मी व्यवस्थित फिरले आहे, मागच्या हिवाळ्यातही. पण २०२२ च्या २३ डिसेंबरला जो गोठणारा पाऊस झाला, रस्ता, फुटपाथ, झाडाच्या काड्या सगळ्यावर काचेचा थर, विमानतळाचे रनवे बंद करावे लागले, त्या दिवशी कुठलाच रबरी टायर कामाचा नव्हता. अशा दिवशी घरी बसायचं. चहा करायचा आणि खिडकीतून बघायचं.

आय-९० ने स्नोक्वाल्मी पासला जाणार असाल, तीन हजार फुटांवर आहे, किंवा हायवे २ ने लेव्हनवर्थची ख्रिसमसची रोषणाई बघायला, तर वाटेत बोर्ड लागतात. ट्रॅक्शन टायर रिक्वायर्ड असेल तर कायद्याने ऑल सीझनसुद्धा चालतो, पण त्याच्या खाचा किमान अष्टमांश इंच पाहिजेत. म्हणजे पुन्हा तेच ४/३२. चेन रिक्वायर्ड लागलं तर चेन, न ऐकल्यास दंड पाचशे डॉलरपर्यंत आहे. माउंट रेनियर नॅशनल पार्कात तर १ नोव्हेंबर ते १ मे प्रत्येक गाडीत चेन असायलाच लागते, टायर कितीही चांगले असोत. व्हिसलरला जाणाऱ्यांनी कॅनडाचा नियम वेगळा बघून घ्या, तिथे त्या रस्त्यावर ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत एम प्लस एस किंवा हिमकणाचे टायर आणि साडेतीन मिलिमीटर खाचा लागतात. कॅस्केड डोंगरातला बर्फ ओला आणि जड असतो, स्कीवाले त्याला कॅस्केड काँक्रीट म्हणतात, त्यात अडकलेली गाडी ढकलून बघितली की नाव पटतं.

एक गोष्ट इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. टायर झिजतो तो जातो कुठे? २०२० च्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या टकोमा कॅम्पसच्या आणि वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी सायन्स मासिकात छापलं की सिएटलच्या ओढ्यांमध्ये अंडी घालायला परत येणारे कोहो सामन मासे वर्षानुवर्षं का मरत होते ते सापडलंय. टायरचं रबर ओझोनने तडकू नये म्हणून त्यात सिक्सपीपीडी नावाचं रसायन घालतात, त्याचा ओझोनशी संयोग होऊन सिक्सपीपीडी-क्विनोन तयार होतं, आणि पहिला मोठा पाऊस ते रस्त्यावरच्या टायरच्या धुळीसकट ओढ्यात नेऊन टाकतो. मासे काही तासांत मरतात. मी दर ऑक्टोबरला लेकीला इसाक्वाच्या हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, सामन दाखवायला नेते, त्या वर्षी बाबांनाही नेलं होतं. उलट्या प्रवाहात उड्या मारणारे ते मासे बघून बाबांना चिपळूणच्या वाशिष्ठी नदीतले चढणीचे मासे आठवले, पहिल्या पावसात शेतापर्यंत चढून येणारे. ते रसायन नसलेला टायर दुकानात मागून मिळत नाही. आपल्या हातात एवढंच आहे की टायर उगाच झिजू द्यायचा नाही, म्हणजे हवा बरोबर, अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत असणं) बरोबर, आणि सिग्नल सुटल्यावर गाडी उधळायची नाही.

हवेचं तर इथे ऑक्टोबरात हमखास होतं. तापमान दहा फॅरनहाइट उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआय उतरते, म्हणजे ऑगस्टमध्ये बरोबर भरलेली गाडी नोव्हेंबरच्या पहाटे चार-पाच पीएसआयने खाली असते, आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पेटतो तो बऱ्याच उशिरा. दिवा पेटायची वाट बघू नका, महिन्याला एकदा सकाळी गाडी थंड असताना बघा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा घ्यायचा, टायरच्या बाजूवर लिहिलेला तो कमाल दाब असतो. टायर घेताना त्याच्या बाजूवरच्या डॉट नंबरचे शेवटचे चार आकडेही वाचा, ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा, फार जुना निघाला तर बदलून मागा, देतात. आणि टायरवर बाण असेल तर तो एकाच दिशेने फिरणारा आहे, रोटेशन करताना, म्हणजे टायरांच्या जागा आलटूनपालटून बदलताना, त्याच बाजूला पुढचा मागे, मागचा पुढे, आडवातिडवा नाही.

गेज नसेल तर क्वार्टरचं नाणं वापरा. वॉशिंग्टनचं डोकं खाली करून खाचेत घाला, डोक्याचा वरचा भाग रबराच्या वर उघडा दिसला की ४/३२ च्या खाली गेला. पेनीने बघायची सगळ्यांना सवय आहे पण पेनी २/३२ सांगते, आणि तोपर्यंत थांबायचं नाही. मी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मोजते. ५/३२ च्या खाली असेल तर त्याच हिवाळ्याआधी बदलणार, कारण मार्चपर्यंत तो ४ च्या खाली जाणार हे धरूनच चालायचं.

या वर्षी मोजलं, पुढचे ६/३२, मागचे ७. बाबांना फोनवर आकडे सांगितले तर त्यांनी वहीत लिहून घेतले आणि विचारलं, "डावा-उजवा सारखा आहे ना?" ते मी बघितलंच नव्हतं. खाली जाऊन परत मोजलं. पुढचा उजवा आतल्या कडेला पाच निघाला, म्हणजे अलाइनमेंट गेलीय. शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय.